हॅपी गिलमोर २: हसू येतं, पण पहिल्याची सर नाही

खडूस_प्रेक्षक:
नेटफ्लिक्सवरचा हॅपी गिलमोर २ बघितला एकदाचा. १९९६चा पहिला भाग प्रचंड लाडका, त्यामुळे मुद्दाम टाळत होतो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पहिल्यात अ‍ॅडम सँडलरचा हॅपी म्हणजे आइस हॉकीचं वेड पण स्केटिंग धड येत नाही असा भडक डोक्याचा माणूस, आजीने टॅक्स थकवला म्हणून तिचं घर जप्त होतं आणि ते सोडवायला हा गोल्फमध्ये घुसतो, पळत येऊन बॉल हाणतो, हॉकी स्टिकसारख्या पटरने (बॉल होलमध्ये ढकलायची काठी) होल करतो. दुसऱ्यात त्याच्याच ड्राइव्हने, म्हणजे लांब फटक्याचा बॉल लागून, बायको मरते, हा दारूच्या नादी लागतो आणि मग मुलीला पॅरिसच्या बॅले स्कूलला पाठवायचंय म्हणून परत मैदानात.

हसलो, नाही असं नाही. पण पहिल्यातली सगळी मजा हॅपी नको तिथे आलाय यात होती ना! हळूच टाळ्या वाजवणारी शिस्तीची माणसं आणि मध्येच हा बॉलला शिव्या घालतोय. हॅपीचा प्रतिस्पर्धी शूटर मॅकगॅव्हिनचा संताप पण पटायचा, त्याने आयुष्य घातलंय त्या खेळात. आता रोरी मॅकिलरॉय, स्कॉटी शेफलर, ब्रायसन डीशॅम्बो असे खरेखुरे गोल्फर येऊन हॅपीच्याच बाजूला उभे राहतात, मग भांडायचं कुणाशी? म्हणून मॅक्सी गोल्फ नावाची धांगडधिंगा लीग आणली आणि हॅपीला चक्क पारंपरिक गोल्फचा राखणदार केला. अरे ज्याने सगळं उधळलं त्यालाच राखणीला बसवलं!

बंकरमधला_बॉल:
साफ असहमत. तुम्ही ज्याला खोट म्हणताय तोच तर जोक आहे. २०२२ला सौदी पैशावर लिव्ह गोल्फ नावाची लीग सुरू झाली, मोठ्याने गाणी, तेव्हा ७२ ऐवजी ५४ होल, सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करणार, मॅक्सी ही त्याचीच टर उडवलीये. आणि गोल्फर हॅपीचे फॅन आहेत हे पटत का नाही? पॅड्रिग हॅरिंग्टन, तीन मेजर म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा जिंकलेला माणूस, तो हॅपीसारखा पळत येऊन ड्राइव्ह मारून दाखवायचा. शेफलर तर पहिला पिक्चर आला त्याच वर्षी जन्मलाय. या पोरांना हॅपी नकोसा वाटेल असं दाखवलं असतं तर तेच खोटं वाटलं असतं.

खडूस_प्रेक्षक:
बरोबर, पण मग हॅपीला ते खटकताना दाखवा की! मॅक्सीवाला मॅनाटी त्यालाच लीगमध्ये घ्यायला येतो. आरडाओरडा, लांब ड्राइव्ह, नियम गेले खड्ड्यात, हे सगळं हॅपीचंच पिल्लू आहे. एक सीन हवा होता जिथे तो गडबडतो की आपण नक्की कुणाच्या बाजूचे. त्याऐवजी काय, तर मॅक्सीचे खेळाडू ऑपरेशन करून कमरेतलं लिगामेंट काढून घेतात म्हणून लांब मारतात. म्हणजे ते राक्षस आणि आपण सज्जन, विषय संपला. आणि डीशॅम्बो खऱ्या आयुष्यात लिव्हवाला असून इथे परंपरेच्या टीममध्ये! यावरच केवढे जोक निघाले असते.

निवांत_बघे:
मला तर सुरुवातच नाही झेपली. हॅपीच्या बायकोला, व्हर्जिनियाला, पहिल्या काही मिनिटांतच मारून टाकलं. हिरोला दुःख हवंय ना, मग बायकोला संपवा, किती जुना शॉर्टकट आहे हा. पहिल्यात आजीचं घर जातंय एवढंच कारण पुरलं होतं.

बंकरमधला_बॉल:
अहो सुखी, श्रीमंत, ट्रॉफ्या मिरवणारा हॅपी कोण बघणार? तो तळाला गेल्याशिवाय कॉमेडी नाहीच. शिवाय हॅपीच्या गुरूचं, चब्सचं काम करणारा कार्ल वेदर्स २०२४च्या फेब्रुवारीत गेला, त्यामुळे स्क्रिप्ट बदलावी लागली आणि चब्सचा मुलगा आणावा लागला. कब्रस्तानातली हॅपी-शूटर मारामारी बघा परत, जुन्या पात्रांच्या कबरींमध्ये ही दोन म्हातारी एकमेकांना बुकलतायत. मी खदाखदा हसलो आणि थोडं कसंतरीही झालं.

खडूस_प्रेक्षक:
तो सीन मस्तच, मान्य. पण बाकी ठिकाणी जुना जोक आला की लगेच पहिल्या पिक्चरची क्लिप दाखवतात, म्हणजे आम्हाला आठवत नसेल असं गृहीतच धरलंय. जोक समजावून सांगितला की मेला. पहिला ९२ मिनिटांत आटोपला होता, हा ११८ मिनिटांचा आहे, वरची मिनिटं कुठे गेली ते कळलं का आता?

टाइमपास_कॅडी:
एवढं चिरफाड करायचा पिक्चर आहे का हा? पहिल्या तीन दिवसांत ४ कोटी ६७ लाख व्ह्यूज. लोकांना आवडला. गायक बॅड बनी हॅपीचा कॅडी (गोल्फरची बॅग वाहणारा) म्हणून धमाल आहे, त्याचं ते मध आणि अस्वलवालं स्वप्न बघून माझी तर हसून वाट लागली.

निवांत_बघे:
नेटफ्लिक्सचे व्ह्यूज म्हणजे एकूण बघितलेले तास भागिले पिक्चरची लांबी, त्यात अर्ध्यात बंद केलेलेही येतात. आणि लोकांनी लावला तो पहिल्याच्या प्रेमापोटी, दुसरा कसाय हे बटण दाबेपर्यंत कुणाला माहीत असतं? बॅड बनीचं मात्र +१. त्याच्यावर जुन्या आठवणींचं ओझंच नाही, म्हणून तो मोकळा वाटतो.

खडूस_प्रेक्षक:
मला विचाराल तर हा पिक्चर शूटरचा करायला हवा होता. वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर काढून मॅनाटी त्याला लीगमध्ये बोलावतो तर त्यालाच ते बघून किळस येते. खरा परंपरावाला तोच! त्याला राखणीला बसवा, हॅपीला मोठ्या पैशाचा मोह पडू द्या, म्हणजे १९९६चं भांडण उलटं होऊन परत पेटलं असतं.

बंकरमधला_बॉल:
म्हणजे हॅपी व्हिलन? आणि शूटरचं काम करणारा क्रिस्तोफर मॅकडोनाल्ड दोन तास बोटांच्या बंदुका दाखवत फिरणार? थोडाच वेळ शूटर असतो म्हणून तर भारी वाटतो. दोन तास दिला असता तर इथेच येऊन तुम्ही लिहिलं असतं की शूटरचा अतिरेक झाला.

खडूस_प्रेक्षक:
लिहिलं असतं. पण आवडीने.