अनुभव धागा: टँकला शेंबूड आला, पुढे काय केलंत?

ठाणेकर (धागा काढणारा)

"टँकला सर्दी झालीये का हो?" असं मेहुणीने गणपतीत दहा माणसांसमोर विचारलं आणि माझं तोंड मोदकाएवढं झालं. २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, क्लाऊन माशांची जोडी, थोडे मशरूम आणि थोडे झोआ (दोन्ही प्रवाळांचे प्रकार). वाळूवर, दगडांवर, पंपाच्या जाळीवर तपकिरी, लोंबणारा, चिकट शेंबूड. दुसरा शब्दच नाही त्याला. धाग्याधाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी वाळू बऱ्यापैकी पांढरी दिसायची, दिवे लागून चार तास झाले की पुन्हा तेच.

सगळे करतात तेच मीही केलं. नळीने ओढलं, दर तीन दिवसांनी पाणी बदललं, दिवे कमी केले. जितकं साफ करावं तितकं ते चेकाळायचं. तीन टर्बो गोगलगायी उताण्या पडून मेल्या, तेव्हा कळलं की हे साधं शेवाळ नव्हे.

लाज वाटते सांगायला, पण नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य म्हणून मी सहा महिने मिरवत होतो. पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा मोठा स्किमर, वर फॉस्फेट शोषणारी जीएफओची पिशवी. त्यात सुरुवात कोरड्या दगडांनी केलेली, म्हणजे टँकमध्ये आधीपासून जीवजंतूंची वस्तीच नाही. पाणी उपाशी ठेवलं की हिरवं शेवाळ आणि चांगले जीवाणू मागे पडतात आणि रिकाम्या जागेवर डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, ठाण मांडतात.

ओळखायची घरगुती रीत: थोडा शेंबूड बाटलीत घ्या, खदाखदा हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा, खाली उतरलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. पुन्हा एकत्र येऊन धागे जमले तर डायनो. माझे तासाभरात जमले. मग मुलीचा शाळेचा मायक्रोस्कोप काढला. ४०० पटीवर कलिंगडाच्या बियांसारखे दाणे, एका टोकाने खुंटीला बांधल्यासारखे जागच्या जागी गरगर फिरणारे. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोंचाच एक प्रकार. मुलगी म्हणाली, "बाबा, क्यूट आहेत." मी गप्प बसलो.

हातमोजे घाला, ही एक विनंती. याच जातभाईंनी २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर दोनशेहून अधिक माणसांना ताप-खोकल्याने डॉक्टरकडे पाठवलं होतं.

आता तुमचे अनुभव लिहा. फसलेले आधी.

न्यूजर्सीकर

माझेही ऑस्ट्रिऑप्सिसच, ७५ गॅलन. तीन दिवस टँकला काळी चादर गुंडाळली, काच चकाचक झाली, चौथ्या दिवशी पार्टी केली, दहाव्या दिवशी सगळं परत. नुसत्या अंधाराने ते मरत नाहीत, दबा धरून बसतात.

सुटका झाली ती यूव्हीने, म्हणजे पाणी अतिनील दिव्याखालून नेणाऱ्या यंत्राने. हा प्रकार रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगायला लागतो, म्हणून तर सकाळी वाळू पांढरी दिसते. तेव्हाच त्याला दिव्याखालून न्यायचा. २५ वॉटचा यूव्ही घेतला आणि पाणी सम्पमधून, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीतून, न फिरवता थेट वरच्या टँकमधून ओढून परत तिथेच सोडलं, धार मंद ठेवून. आधी तीन आठवडे तो सम्पमध्ये लावला होता, ढिम्म फरक नव्हता. वर लावल्यावर पाच दिवसांत धागे तुटायला लागले.

मेलबर्नकर

वरचा सल्ला ऐकून कोणी लगेच यूव्ही मागवू नका, मी मागवून पस्तावले आहे. माझ्याकडे अँफिडिनियम निघाला, डायनोंचा दुसरा प्रकार. तो रात्री वर येतच नाही, वाळूतच खाली सरकतो. मायक्रोस्कोपखाली अंडाकृती, टोकाला छोटी वाकडी चोच, आणि जागेवर न फिरता सरसर पळणारा. यूव्ही बिचारा रिकाम्या पाण्यावर उजेड पाडत बसला.

शेवटी काट्याने काटा काढला. सोडियम सिलिकेट अगदी थोडं थोडं घालून डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारं तपकिरी सूक्ष्म शेवाळ, मुद्दाम वाढवले. काचा रोज तपकिरी व्हायच्या, रोज पुसायचे. पण डायटमांनी वाळूवरची जागा बळकावली आणि सातव्या आठवड्यात चोचवाले शोधावे लागले. सात आठवडे म्हणजे सात आठवडे, मध्ये दोनदा रडले आहे.

दिंडोरीचा द्राक्षवाला

उपाशी पाण्यात नायट्रेट वाढवायला परदेशी बाटली तीन हजारांची. आमच्या गोडाऊनात १३:००:४५ खताच्या पिशव्या पडल्यात, ते दुसरं काय आहे? पोटॅशियम नायट्रेटच. हिशोब केला: २०० लिटरला ५ पीपीएम (लिटरला ५ मिलिग्रॅम) वाढवायचं तर १.६ ग्रॅम. सोन्याच्या काट्यावर मोजलं. फॉस्फेटला ००:५२:३४ हे खत. ते तर इतकं कमी लागतं की वजन करताच येत नाही. म्हणून १.४ ग्रॅम एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून ठेवलं. त्यातलं १० मिली २०० लिटरला घातलं की ०.०५ पीपीएम वाढतं.

पहिले बारा दिवस सकाळी घातलेलं फॉस्फेट संध्याकाळी शून्य. कोरडे दगड पिऊन टाकतात. मी म्हटलं, प्या लेको. तेराव्या दिवशी आकडा टिकला. नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०८ वर ठेवलं. महिन्याने दगडावर हिरवी बारीक लव आली. बागेत बुरशीला शिव्या घालणारा माणूस मी, शेवाळ बघून पेढे वाटले.

ठाणेकर

दादा, हिशोब चोख आहे, मी हाच केला, फक्त प्रयोगशाळेच्या प्रतीचं पोटॅशियम नायट्रेट आणलं. खताच्या पिशवीत आणखी काय काय येतं याची खात्री मला देववत नाही. पोटॅशियमची भीती मात्र कोणी बाळगू नका. समुद्राच्या पाण्यात ते मुळातच ४०० पीपीएमच्या आसपास असतं, एका डोसने त्यात तीनची भर पडते.

दादरची

माझा शत्रू लालभडक होता. वाळूवर मखमलीसारखा थर, बोटाने उचलला तर दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघायचा. ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणू. दुकानदाराने एरिथ्रोमायसिन घालायला सांगितलं. मी शहाणीने रात्री घातलं आणि झोपले. साय मेली, कुजली, पाण्यातला ऑक्सिजन खाल्ला. पहाटे पाचला टँग मासा पृष्ठभागावर तोंड उघडून होता, साडेसहाला गेला. सहा वर्षांचा होता.

चूक माझीच, एअरस्टोन चालू करायला हवा होता. आणि साय दोन महिन्यांत परत आली, त्याच कोपऱ्यात. मग लक्षात आलं की दगडामागे पाणी हलतच नाही. प्रवाहाचा पंप वीतभर सरकवला. बाकी काही नाही, वीतभर.

कोथरूडकर काका

ब्रायॉप्सिस, एक हिरवं शेवाळ. पक्ष्याच्या पिसासारखं दिसतं, दिसायला सुंदर, उपटलं की दुप्पट. त्यावर फ्लुकोनाझोल, म्हणजे माणसांचं बुरशीवरचं औषध, चालतं, लिटरला ५ मिलिग्रॅम. माझ्या २१० लिटरला १५० मिलिग्रॅमच्या सात गोळ्या. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली, मग आवाज खाली आणून विचारलं, "काका, खाज फार आहे का?" मागे रांगेत सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई. माशांच्या टँकसाठी हव्यात म्हटल्यावर तर त्याचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाला. शेवटी डॉक्टर मित्राची चिठ्ठी आणली.

औषध शोषून घेऊ नये म्हणून फिल्टरमधला कार्बन काढून ठेवला, स्किमरचा कप काढला, गोळ्या कुटून घातल्या. चौथ्या दिवशी टोकं पांढरी, बाराव्या दिवशी टक्कल. डायनोवर किंवा लाल सायीवर याचा उपयोग नाही, उगाच गोळ्या कुटू नका.

मालवणी

खरा सांगतंय, तुमचे डायनो आमच्याकडे बघायला लोक गाडी करून येतात! हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकतात तो नॉक्टिल्युका त्यांचाच भाऊबंद. आणि प्रवाळाच्या आत राहून त्याला जेवू घालणारे झुझँथेली, तेही डायनोफ्लॅजेलेटच. घरभेदी कुठले.

एक कळकळीचं. "जिवंत दगड आणून दे ना मालवणहून" असे निरोप मला येतात, म्हणजे जीवजंतूंची वस्ती असलेले समुद्रातले दगड. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. दगड उचलणं गुन्हा आहे, आणि नसता तरी मी दिला नसता. जीवजंतूच हवेत तर एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी टँकमधली कपभर वाळू मागा. माझ्या टँकला तीच लागू पडली.

सोलापूरकर

मी हरलो, तेही नोंदवा. मे महिना, चिलर बंद पडला, पाणी ३१ अंश, वरून डायनो. मासे मित्राला दिले, टँक विकला. दगड उकळून पुन्हा वापरायचा बेत होता.

ठाणेकर

दगड कोणीही, कधीही उकळू नका! झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. वाफेबरोबर ते नाकातोंडात जाऊन अख्खी कुटुंबं इस्पितळात गेली आहेत. सोलापूरकर, उकळलेत का?

सोलापूरकर

नाही. बायकोने पातेलं दिलं नाही.

नवा भिडू

टँक तीन आठवड्यांचा आहे. सगळीकडे तपकिरी भुकटी, बुडबुडे नाहीत, बोट लावलं की उडते. सगळं वाचून झोप उडाली आहे. यूव्ही मागवू का?

ठाणेकर

काही मागवू नकोस, हे बहुतेक डायटम आहेत. नव्या टँकला येतात आणि महिन्याभरात आपले आपण जातात. आरओचं पाणी टीडीएस मीटरवर किती दाखवतं ते मात्र बघ. राहतोस कुठे? ठाण्याच्या जवळपास असशील तर रविवारी बाटलीत थोडं घेऊन ये, मायक्रोस्कोप टेबलावरच असतो हल्ली. दुपारी चारनंतर ये, त्याआधी मुलीचा अभ्यास असतो.