झेनमध्ये एस्टीमचं 1.3 बसवायलाव म्हणून

दादा, वर एकजण म्हणायलेत की मारुती झेनमध्ये मारुती एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन बसवायचं म्हणजे माउंट (इंजिन धरून ठेवणारे ब्रॅकेट) बदललं की काम झालं. इंजिन बसतंय हो, दोन्ही सुझुकीच्या जी फॅमिलीचेच, 993 सीसीच्या जागी 1298 सीसी, त्यात लई काही नाही. पण खरी डोकेदुखी वायरिंगची. इंजिन घेताना त्याच गाडीचं ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर अन् अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) सोबत घ्या, माझ्या मेकॅनिकनं हार्नेस कापून आणलं होतं, मग दीड महिना गाडी जालन्यात शेडमध्ये ताडपत्रीखाली अन् आम्ही वायरींचे रंग जुळवत बसलो.

दुसरं म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा. 402 मीटरच्या ड्रॅग रेसच्या रनला साडेचार हजार आरपीएमवर क्लच सोडला, पुढची चाकं टणाटण उड्या मारायली अन् डावीकडून कटाक! उतरून बघतो तर सीव्ही जॉइंटचं (शाफ्टच्या टोकाचा फिरता सांधा) रबर फाटून रिमला आतून सगळं काळं ग्रीस. इंजिन उन्नीस असलं तरी चालंल पण जुने जॉइंट ठेवू नका, टायरचं प्रेशर अन् क्लच सोडायची सवय याच्यातच अर्धी रेस आहे. रेडिएटर पण मोठा टाका, आपल्याकडं मे महिन्यात 42 डिग्रीला रेसच्या लायनीत नंबर यायच्या आधीच टेम्परेचरचा काटा वर जातोय. ब्रेक तर सांगायलाच नको, पळवायलाव तर थांबवायचं पण बघा.

अन् आरटीओची परवानगी आधी काढा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवर इंजिन नंबर जुळला नाही तर इन्शुरन्स क्लेमच्या वेळी बोंब. जालना रोडवर रात्री पळवायचा विचार असंल तर मला विचारूच नका.