बाराखडी पाठ झाली, तरी वाचन का अडते? (चर्चा)

पाटीपेन्सिल:
जून ते दिवाळी 'अ' ते 'ज्ञ', दिवाळीनंतर बाराखडी आणि शब्द थेट जानेवारीत. अजूनही कितीतरी शाळांत पहिलीचे वाचन याच क्रमाने चालते. हा क्रम बंद व्हायला हवा, असे माझे मत आहे.

चौतीस व्यंजने आणि 'ॲ', 'ऑ' धरून चौदाखडी म्हणजे ४७६ चौकोन. मूल सहा-सात महिने हे चौकोन घोकते आणि तेवढ्या काळात एकही वाक्य त्याच्या वाट्याला येत नाही. "क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि" हे सुरात म्हणता आले की आपण समजतो, मूल शिकले. तक्त्यावर मध्येच 'मै'वर बोट ठेवून पाहा. बरीच मुले 'म'पासून सुरुवात करून, बोटे मोजत 'मै'पर्यंत येतात. म्हणजे गाणे पाठ आहे, चिन्ह ओळखीचे नाही. 'क कमळाचा', 'ण बाणाचा' याचेही तेच होते. 'कण' समोर आला की मूल 'कमळ-बाण' म्हणते, कारण चिन्हाला आवाज जोडलाच गेलेला नाही, चित्र जोडले गेले आहे.

त्याऐवजी अक्षरगट घ्या. पहिल्या गटात क, म, र, ल आणि काना, एवढी पाचच चिन्हे. त्यातून काम, काल, लाल, मका, मला, कला, कमाल हे शब्द मिळतात आणि "काका, काम करा" हे अख्खे वाक्यही. पुढच्या गटात दुसरी वेलांटी आली की मी, मामी, काकी, मीरा. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्यावी, कारण ती अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चार मात्र नंतर होतो. घाई केली की मूल 'कि'ला 'इक' वाचते. घ-ध, भ-म, थ-य, प-ष या सारख्या दिसणाऱ्या जोड्या कधीही एका गटात घेऊ नयेत. एका गटाला साधारण दोन आठवडे धरले, तर बारा गटांत वर्णमाला आणि स्वरचिन्हे दोन्ही संपतात. वाचन मात्र पहिल्या आठवड्यापासूनच सुरू होते.

काना_मात्रा:
४७६चा आकडा दिशाभूल करणारा आहे. शिकायची चिन्हे आहेत ३४ अधिक १४, म्हणजे ४८. 'क'ची ओळ नीट समजली की बाकीच्या तेहतीस ओळी त्याच नियमाने उलगडतात. देवनागरीची ही ताकद एका कागदावर दाखवणारे साधन म्हणजे बाराखडीचा तक्ता. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या वर्गांतही हाच तक्ता रोज वाचून घेतात, आणि त्या वर्गांत तिसरी ते पाचवीतली मागे पडलेली मुलेच असतात.

दुसरे असे की अक्षरगट पद्धत रोज हजर असणारे मूल गृहीत धरते. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे मुले आईबापांबरोबर निघून जातात. चौथा गट चुकला की पाचव्या गटातले निम्मे शब्द वाचता येत नाहीत, कारण प्रत्येक शब्दात मागची चिन्हे मिसळलेली असतात. तक्ता घरी, पालावर, कुठेही लावता येतो आणि चौथी शिकलेली आईसुद्धा तो घेऊ शकते. गटांची क्रमवारी तिला कोण समजावणार?

शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठ पटापर्यंत शिक्षक दोनच. पहिली-दुसरी एकत्र बसवून, एका वर्गाला गणित देऊन दुसऱ्या वर्गाचे वाचन घेणाऱ्या शिक्षकाला बारा गटांचे वेगळे साहित्य कसे पेलणार?

गोष्टीवाली:
तुम्ही दोघेही चिन्हांवरच थांबलात. मुलाला वाचावेसे का वाटावे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. पहिल्या दिवसापासून रोज पंधरा मिनिटे मोठ्या अक्षरांतली गोष्ट, ओळीखाली बोट फिरवत, वर्गाला वाचून दाखवा. चार दिवस तीच गोष्ट. पाचव्या दिवशी मुले ती आपणहून 'वाचतात'. अक्षरे त्यातून हळूहळू सुटी होतात.

काना_मात्रा:
गोष्टीवालीताई, ते वाचन नसते, पाठांतर असते. चित्रात विहीर आणि खाली 'आड' लिहिलेले असेल, तर तुमच्या वर्गातली मुले 'विहीर' म्हणतील. इंग्लंडमध्ये २०१२पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांना चाळीस शब्द वाचायला देतात, त्यातले वीस मुद्दाम निरर्थक असतात. कारण हेच, अंदाजाने उत्तर देता येऊ नये. आपल्याकडेही 'रुमो', 'लिका', 'माकू' असे दहा शब्द फळ्यावर लिहा, कोण खरोखर वाचते ते पाच मिनिटांत कळेल.

गोष्टीवाली:
ही तपासणी मान्य, मी ती घेईन. चित्र झाकून वाचून घेणेही सहज जमण्यासारखे आहे. पण निरर्थक शब्द अचूक वाचणारे मूल गोष्टीत काय घडले ते सांगू शकत नसेल, तर त्यालाही वाचता येत नाही. धडगावच्या पावरी बोलणाऱ्या किंवा धारणीच्या कोरकू बोलणाऱ्या मुलाला 'आड' फोडून वाचता आला, तरी तो शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. त्याच्यासाठी गोष्ट ऐकणे, त्यावर त्याच्या बोलीत बोलणे आणि मग मराठी शब्द देणे हा वाचनाचा पायाच आहे. गोष्टीला 'जादा उपक्रम' म्हणून शनिवारवर ढकलू नका, एवढाच माझा हट्ट आहे.

पाटीपेन्सिल:
@काना_मात्रा, ४८ चिन्हांचा मुद्दा बरोबर आहे. पण तो नियम घोकण्यातून मुलाला दिसत नाही. तक्ता आडवा म्हणण्याऐवजी उभा वाचा: का, मा, रा, ला. मग की, मी, री, ली. काना काय करतो ते तेव्हा कळते. तक्ता काढून टाका असे मी म्हणतच नाही. शिकवून झालेले चौकोनच उघडे ठेवा, बाकीचे कागदाने झाका.

मधेच गेलेल्या मुलांसाठी प्रत्येक गटाचे एक कार्ड करायचे: एका बाजूला पाच चिन्हे, दुसऱ्या बाजूला दहा शब्द आणि दोन वाक्ये. बारा कार्डे दोऱ्यात ओवून मुलाबरोबर द्यायची. परत आल्यावर जिथे अडेल, तिथून सुरुवात. जोडवर्गातही दुसरीतले मूल हीच कार्डे पहिलीतल्या मुलाकडून वाचून घेऊ शकते.

रफार:
सगळे पहिलीवर बोलत आहेत. गाडी खरी अडते दुसरी-तिसरीत, जोडाक्षरांवर, आणि तोवर 'बाराखडी येते' म्हणून सगळे निश्चिंत झालेले असतात.

माझ्या मते क्रम असा असावा. आधी एकाच अक्षराची जोडी: पत्ता, गल्ली, पक्का. इथे आघात कानाला स्पष्ट कळतो. मग काना गळणारी: पुस्तक, कुस्ती. मग पाय मोडणारी. शेवटी 'र', कारण त्याची रूपे सर्वांत फसवी: चक्र, राष्ट्र, सूर्य, वाऱ्यावर. 'सूर्य'मध्ये 'र'चा उच्चार 'य'च्या आधी, पण रफार बसतो 'य'च्या डोक्यावर. म्हणून मुले 'सूयर' वाचतात. पहिल्या वेलांटीसारखीच ही अडचण आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी लिहून, अर्थासकट दाखवले की फरक पक्का होतो.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट: मराठी पूर्णपणे लिहिल्याप्रमाणे उच्चारली जात नाही. मूल 'स-र-क-ला' असे चार ठोके देऊन थांबते आणि अर्थ लागत नाही, कारण बोलताना आपण 'सरक्ला' म्हणतो. प्रत्येक फोडलेल्या शब्दानंतर "आता बोलल्यासारखं म्हण" असे सांगायलाच हवे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, अक्षरे तीच आणि 'ज' वेगळा. गंगा, अंडे, आंबा यांत टिंब एकच आणि आवाज तीन. पहिलीत याचे नियम सांगू नयेत, शब्दातूनच कानावर पडू द्यावेत.

काना_मात्रा:
रफारचा क्रम पटला. उभा तक्ताही पटला. तरी एक आक्षेप राहतो. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द, तेही अर्थासह, असे ध्येय ठेवले आहे. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या अहवालांनुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८मध्ये २७.३ टक्के होती, २०२२मध्ये २०.५ आणि २०२४मध्ये २७.१ टक्के. उरलेल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना तिसरीचे पुस्तक पुढे सरकवत नेण्यात अर्थ नाही. त्यांचे इयत्तेप्रमाणे नव्हे, पातळीप्रमाणे गट करून रोज एक तास द्या. त्या तासात कार्डे वापरा, नाहीतर तक्ता वापरा. पण तो तास वेळापत्रकात कुठून काढायचा, हे इथे अजून कोणी सांगितलेले नाही.

पाटीपेन्सिल:
भाषेच्या तासिकेतूनच. धड्याखालचे स्वाध्याय फळ्यावरून उतरवून घेण्यात जो वेळ जातो, तो या मुलांसाठी पूर्ण वाया आहे, कारण ती अक्षरांची चित्रे काढत असतात. ते उतरवणे दोन महिने थांबवा आणि दर पंधरा दिवसांनी नवा, न पाहिलेला परिच्छेद देऊन तपासा.