मदत हवी आहे: हंटिंग्टनच्या पेशंटला बांधून न ठेवता व्हीलचेअरमध्ये नीट बसवायचं कसं?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय.

बाबा ५९ वर्षांचे आहेत, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सात वर्षांपूर्वी हंटिंग्टनचं निदान झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा आनुवंशिक आजार आहे, यात हातपाय, मान, धड आपोआप हलत राहतं, थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. कंपवातासारखी थरथर नाही, अख्खा हात उडतो, कंबर उचलली जाते, पाय एकदम ताठ होतो. झोप लागली की शांत, आणि माणसं जमली किंवा मनाला काही लागलं की दुप्पट. टेट्राबेनाझिन चालू आहे, डोस वाढवला की गुंगी येते आणि घास गिळायला जड जातं म्हणून डॉक्टर म्हणाले आता यापेक्षा जास्त नको.

चालताना दोनदा पडले, भुवईला टाके पडले, मग मेडिकलमधून साधी फोल्डिंगची व्हीलचेअर आणली, १८ इंची सीटची. रेक्झिनची सीट आता मधे झोळीसारखी खाली गेलीय. बाबा बसले की दहा मिनिटांत कंबर पुढे सरकते, पाठ गोल होते, टाच फूटरेस्टवरून निसटून पुढच्या छोट्या चाकात जाते. दोन्ही कोपरं सोललीत, कारण हँडलच्या लोखंडावर सारखी आपटतात, मी जुना टॉवेल गुंडाळून सेलोटेप लावते तो संध्याकाळपर्यंत सुटलेला असतो. वजन ७१ वरून ५० वर आलंय, त्यामुळे माकडहाडापाशी नुसतं हाड लागतं.

मागच्या आठवड्यात जे झालं त्याने मी अजून नीट झोपलेली नाही. घसरू नयेत म्हणून मी छातीवरून ओढणी बांधली होती आणि आत पोळ्या करत होते. खुर्चीचा खडखड आवाज येत होता तो एकदम थांबला म्हणून पळत आले, तर बाबा खाली सरकलेले आणि ओढणी वर चढून हनुवटीखाली रुतलेली. सोडवलं, काही झालं नाही, पण अजून दोन मिनिटं उशीर झाला असता तर, हा विचार जात नाही.

आत्या म्हणते आता पलंगावरच ठेवा, बाजूला कठडे लावा. पण बाबांना संध्याकाळी दारात बसायचं असतं, समोरून एसटी गेली की आवाजावरून सांगतात गिअर बरोबर पडला की नाही, बोलणं अडखळतं पण हे अजून सांगतात. ते मला बंद करायचं नाहीये. तर प्लीज सांगा, पट्टा नक्की कुठे बांधायचा? पाठ मागे पडणारी खुर्ची महाग मिळतेय, ती घेऊ का? आणि अशी खुर्ची बनवून कुठे मिळते?

प्रतिसाद १

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पहिली गोष्ट, छातीचा पट्टा आजच काढा. कंबर मोकळी असताना नुसता छातीला पट्टा बांधला की माणूस खाली सरकतो आणि पट्टा गळ्याशी येतो, तुमच्याकडे तेच झालं. आधी कंबर धरायची, बाकी सगळं नंतर. पट्टा पोटावरून नाही, मांडी आणि पोट जिथे दुमडतं तिथे, ओटीपोटाच्या पुढच्या हाडांच्या खालून, आणि सीटशी साधारण ४५ ते ६० अंशात मागे-खाली ओढलेला. आतून पॅडिंग असलेला घ्या. वेल्क्रो नको, बाबांच्या झटक्याला टिकणार नाही, गाडीच्या सीटबेल्टसारखं बटण दाबून झटकन सुटणारं बकल हवं. आणि पट्टा लावलाय म्हणून एकटं सोडून जायचं नाही.

नुसती पाठ मागे पडणारी खुर्ची घेऊ नका. पाठ मागे गेली की कंबरेचा कोन उघडतो, माणूस अजून घसरतो, कातडी घासली जाते. तुम्हाला हवी ती टिल्ट-इन-स्पेस, म्हणजे सीट आणि पाठ एकत्रच मागे झुकतात, मांडीचा कोन तसाच राहतो आणि वजन पाठीवर जातं. जेवताना मात्र सरळ करायची, मान मागे पडू द्यायची नाही, ठसका लागेल.

सरळ बसवण्यासाठी हालचाल दाबून टाकायला जाऊ नका. जितकं घट्ट आवळाल तितका शरीराचा जोर वाढतो आणि काहीतरी तुटतं, पट्टा नाहीतर कातडी. हलायला जागा द्या आणि जिथे आपटतील तिथे मऊ करा. मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, तिथे बाबांना घेऊन जा, मापं घेतल्याशिवाय महाग खुर्ची अजिबात नको.

प्रतिसाद २

माझा मुलगा १४ वर्षांचा, जन्मानंतर कावीळ डोक्यात गेली, अथेटॉइड सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा असा प्रकार ज्यात अंग आपोआप वळवळत राहतं. आजार वेगळा पण खुर्चीची भांडणं अगदी हीच, तुमचं वाचताना पोटात कालवलं. आम्ही काय केलं सांगते. झोळीवर १२ एमएमचा प्लायवूड टाकला, वर रिबाँडेड फोम आणि त्याच्यावर मऊ फोम, पुढची बाजू गुडघ्यांकडे थोडी उंच ठेवली म्हणजे बूड मागेच राहतं. गुडघ्यामागे दोन बोटं जागा सोडा. हे सगळं रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याने करून दिलं, हँडलला आणि पायाच्या पट्ट्यांनापण त्यानेच फोम भरून रेक्झिन शिवलं. पायाला मागून आणि बाजूने बंद असा खोका केला, आता टाच चाकात जात नाही. चाकांच्या तारांवर गोल प्लास्टिकची झाकणं आणि मागे न उलटण्यासाठी छोटी चाकं लावाच, आमची खुर्ची एकदा मागे कलंडली होती तेव्हापासून मी त्याशिवाय बसवतच नाही. पण टिल्टची सांगाडाबदली वेल्डरकडून करू नका हो, झटक्याने वेल्ड सुटतो. रोज खुर्चीतून काढल्यावर माकडहाड बघा, लाली अर्ध्या तासात गेली नाही तर गादी बदला.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ओढणी काढली. काल प्लाय कापून आणला आणि नुसता गादीखाली ठेवला तर बाबा पाऊण तास मागे टेकून बसले, दोनदाच वर ओढावं लागलं, एरवी दर दहा मिनिटांनी ओढत होते. रिक्षावाल्या गादीवाल्याला उद्या घरी बोलावलंय, कोपर कुठे आपटतं ते त्याला बसवूनच दाखवते. हाजी अलीला पुढच्या महिन्यात नेतोय, भाऊ गाडी घेऊन येतोय.

एक राहिलं. बकलचं बटण मधोमध आलं तर बाबांचा हात उडून त्यावरच पडतो आणि पट्टा सुटतो, काल माझ्या डोळ्यासमोर दोनदा झालं. बाजूला घेतलं तर कोपर लागतं. बटणावर झाकण असलेलं, पण मला एका हाताने पटकन उघडता येईल असं बकल कोणी वापरलंय का? कुठून घेतलं तेवढं सांगा.