कोलेस्टेरॉल: गोळी की गुग्गुळ?

रानजाई: एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलं. डॉक्टरांनी ते उतरवायला रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम ही स्टॅटिन गटातली गोळी लिहून दिली. दुसऱ्याच दिवशी मावशी गुग्गुळाच्या कॅप्सूलचा डबा घेऊन हजर. म्हणाली, "ती गोळी एकदा मागे लागली की सुटत नाही." मला पटतंय तिचं. डब्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलंय. आधी तीन महिने हे घेऊन बघायला काय हरकत आहे?

कढीलिंब: धोतऱ्याचं बीही शंभर टक्के नैसर्गिकच असतं, ताई. गुग्गुळाबद्दल २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. एलडीएल उतरायचं सोडून चार-पाच टक्के चढलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं, ते वेगळंच.

वैद्यबुवा: त्या चाचणीत अर्क दिला होता. आम्ही गुग्गुळ त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करून, प्रकृती बघून देतो. आणि १९६६ साली बनारसला संशोधक सत्यवतींनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या, म्हणजे चरबी वाढण्याच्या, वर्णनावरूनच सशांवर प्रयोग केले होते, त्यात उतार दिसला होता. एका परदेशी चाचणीवरून सगळं मोडीत काढू नका.

कढीलिंब: ससे गवत खातात हो बुवा, साजूक तुपातला शिरा नाही. शिवाय मावशींच्या डब्यात तरी शुद्ध केलेला गुग्गुळ कुठे आहे? अर्कच आहे तो.

वैद्यबुवा: डब्याबद्दल मान्य. दुकानातून आणून आपल्या मनाने घेऊच नये.

सांजवात: मधला मार्ग सांगते. गोळीने माझ्या पिंडऱ्या दुखायच्या. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस कमी केला आणि जोडीला इसबगोल दिला. भुसा पाण्यात टाकला की लगेच प्यायचा; फोन घ्यायला गेलात तर पेल्यात चमचा उभा राहतो! हा भुसा आतड्यातलं पित्त धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. पण उतार पाच-दहा टक्क्यांचाच. बाकीच्या औषधांत दोन तासांचं अंतर ठेवा.

कढीलिंब: हे पटलं. २०२२च्या एका चाचणीत रोसुवास्टॅटिन ५ मिलिग्रॅमनेच २८ दिवसांत एलडीएल ३८ टक्के उतरलं. लसूण, हळद, दालचिनीच्या गोळ्या औषध नसलेल्या रिकाम्या गोळीच्या पुढे गेल्या नाहीत.

वैद्यबुवा: २८ दिवसांत आमचं पथ्यसुद्धा अंगी लागत नाही.

कढीलिंब: आणि 'नैसर्गिक'च हवं असेल तर पहिलं स्टॅटिन जपानमध्ये संशोधक अकिरा एन्दोंना बुरशीत सापडलं होतं. लाल यीस्टने आंबवलेल्या तांदळातही स्टॅटिनच असतं, फक्त किती ते डब्यावर धड लिहिलेलं नसतं.

सांजवात: रानजाई, टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, केलीत का? थायरॉईड मंद असलं तरी एलडीएल चढतं.

रानजाई: नाही केली! कुणी सांगितलंच नाही. उद्या उपाशीपोटी जाते. गोळी आज रात्रीपासून. डबा मात्र फडताळात ठेवतेय, मावशी दर रविवारी येते.