आईच्या मणक्यातील सैल झालेले स्क्रू : नुसते काढावेत की पुन्हा बसवावेत?

प्रश्न
तीन वर्षांपूर्वी आईच्या कमरेचे चौथा आणि पाचवा मणका जोडण्यासाठी चार स्क्रू आणि दोन सळ्या बसवल्या होत्या. वर्षभर तिला बरे वाटले, पण आता कूस बदलतानाही ती कळवळते. नव्या एक्स-रेमध्ये खालच्या दोन्ही स्क्रूंभोवती काळसर कडा दिसते. एक डॉक्टर सर्व काढून टाकायला सांगतात, तर दुसऱ्यांच्या मते काढून पुन्हा बसवावे लागेल. तिचे वय ६६ असून तिला मधुमेह आहे. कोणाचे ऐकावे?

प्रतिसाद १
ताई, मी ऑर्थोपेडिक शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. ती काळसर कडा बहुधा स्क्रू हाडात हलत असल्याची खूण असते. स्क्रू हा हाड जुळून येईपर्यंतचा आधार. हाड जुळलेच नाही, तर उठण्या-बसण्याचा भार वर्षानुवर्षे धातूवरच पडतो आणि तो सैल होतो किंवा तुटतो. त्यामुळे आधी सीटी स्कॅन करून हाड जुळले आहे का ते पाहून घ्या, कारण साध्या एक्स-रेवर ते खात्रीने कळत नाही. जुळले असेल तर नुसते स्क्रू काढून भागू शकते. नसेल तर बहुतेक वेळा जास्त जाडीचे स्क्रू आणि बोन ग्राफ्ट (हाड जुळावे म्हणून भरायचे हाडाचे तुकडे) घालून जोड नव्याने करावा लागतो. हाडाची घनताही तपासून घ्या. मधुमेहामुळे जंतुसंसर्गाची शंका अवश्य घ्यावी. ताप नाही आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) ठीक आहे, एवढ्यावर तो नाकारता येत नाही. काही जंतू इतके सावकाश वाढतात की, शस्त्रक्रियेत घेतलेल्या नमुन्यांचे कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) दोन आठवडे ठेवण्याची विनंती आधीच करावी.

प्रतिसाद २
माझे स्क्रू काढताना वेगळीच अडचण आली. स्क्रूच्या डोक्यात बसणारा स्क्रूड्रायव्हर कंपनीगणिक वेगळा असतो, हे मला ठाऊक नव्हते. पहिल्या रुग्णालयाने इम्प्लांटचे (बसवलेल्या स्क्रू-सळ्यांचे) कंपनी आणि माप सांगणारे स्टिकर फाइलला लावलेच नव्हते, त्यामुळे योग्य संच मिळेपर्यंत माझी शस्त्रक्रिया नऊ दिवस पुढे गेली. काकूंची जुनी फाइल कृपया आजच काढून पाहा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. फाइल सापडली. डिस्चार्ज कार्डाच्या मागे चार स्टिकर आहेत. एकावरची शाई पुसट झाली आहे, पण कंपनीचे नाव आणि स्क्रूचे माप वाचता येते. सीटी स्कॅन मंगळवारी आहे. कल्चरविषयी दोन्ही डॉक्टरांना विचारते.