अकाउंटिंग डायमेन्शनला मराठीत काय म्हणावं? मिती, परिमाण, आयाम की दुसरंच काही?

हिशेबनीस (नागपूर) : एकाच घरच्या चार कंपन्या. गांधीबागेत कापड, कळमन्यात धान्य, बुटीबोरीला प्रक्रियेचा कारखाना आणि चौथी वाहतुकीची. इतके दिवस चौघींचे हिशेब टॅलीत वेगवेगळे होते, आता चारही एका ईआरपीनेक्स्ट नावाच्या सॉफ्टवेअरवर येऊन राहिल्या. नोंदी करणाऱ्या मंडळींसाठी मराठीत दोन पानी टाचण लिहायला घेतलं, तर 'अकाउंटिंग डायमेन्शन'पाशी (खर्च कुठल्या शाखेचा, कुठल्या विभागाचा हे सांगणारी नोंदीवरची खूण) गाडी अडली. भाषांतराच्या यंत्रानं 'लेखा परिमाण' काढून दिलं, ते वाचून आमचे जुने मुनीमजी म्हणाले, "हे काय किलो-क्विंटलचं आहे का?" शब्द सुचवा. पण चार कंपन्यांच्या मांडणीत तो चालला पाहिजे, नुसता कोशात शोभून उपयोग नाही.

शाळामास्तर : मुनीमजींना शंभरपैकी शंभर. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात परिमाण म्हणजे राशी किती मोठी आहे ते. 'आयाम'ही नको, तो तरंगाचा असतो. हिंदीत डायमेन्शनला 'विमा' म्हणतात. नागपुरात अर्धं ऑफिस हिंदीतून बोलतं, पण 'विमा अनिवार्य आहे' असं पडद्यावर आलं तर कोणीतरी हप्ता भरून येईल! त्रिमितीय, द्विमितीय हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे, तेव्हा सरळ 'मिती' घ्या.

इतवारीवाले : मास्तर, शाळेत चालेल, पेढीवर नाही. कीर्दीत मिती म्हणजे तिथी. 'मिती कार्तिक शुद्ध १' लिहूनच पाडव्याला नवी वही सुरू व्हायची. हुंडीतही मिती म्हणजे मुदतीची तारीखच. ज्यानं हे पाहिलंय तो 'मिती भरा' म्हटल्यावर तारीख टाकून मोकळा होईल.

शाळामास्तर : हे ध्यानात आलं नव्हतं. मग 'शीर्ष'?

इतवारीवाले : ते सरकारी झालं. कोषागारात लेखाशीर्ष म्हणजे ज्याखाली रक्कम पडते ते, म्हणजे खातंच. इथं तर खातं वेगळं आणि डायमेन्शन वेगळं आहे ना?

धंतोलीची सीए : इतवारीवाले काका, मुद्दा तोच आहे. शब्द ठरवण्याआधी ती वस्तू काय करते ते पाहू.

समजा बुटीबोरीच्या जनरेटरचं १८,४०० रुपयांचं डिझेलचं बिल आलं. खातं एकच : इंधन खर्च. पण मालकांना विचारायचं असतं, कुठल्या शाखेचं? कुठल्या विभागाचं? जुना उपाय म्हणजे 'इंधन खर्च बुटीबोरी', 'इंधन खर्च कळमना' अशी खाती फोडत जायचं. सहा शाखा आणि चाळीस खर्चाची खाती म्हटली की यादी अडीचशेच्या घरात जाते. डायमेन्शनमध्ये खातं एकच राहतं, नोंदीच्या ओळीला 'शाखा : बुटीबोरी' एवढी खूण लागते आणि नंतर अहवाल त्या खुणेवर गाळता येतो. ईआरपीनेक्स्टमध्ये कॉस्ट सेंटर (खर्च ज्या केंद्राखाली मोजायचा ते) आणि प्रोजेक्ट हे दोन आधीपासून असतात; शाखा, विभाग, वाहन असं बाकीचं आपण जोडायचं.

टॅलीवाल्यांना लवकर कळावं म्हणून सांगते, तुमची कॉस्ट कॅटेगरी म्हणजे साधारण डायमेन्शन आणि तिच्यातलं एकेक कॉस्ट सेंटर म्हणजे त्याची किंमत (रुपयांतली नव्हे, रकान्यात निवडायचं नाव; जसं शाखेत बुटीबोरी). फरक पडतो तो कंपन्यांपाशी. टॅलीत ती यादी ज्या-त्या कंपनीच्या वहीत राहते. इथं डायमेन्शन एकदा तयार केलं की ते रकान्याच्या रूपानं चारही कंपन्यांच्या बिलांत उमटतं. 'फक्त वाहतूक कंपनीला वाहन दाखवा' असं डायमेन्शन तयार करताना म्हणता येत नाही. कंपनीगणिक ठरतं ते पुढचं : डायमेन्शनच्या तक्त्यात कंपनीची ओळ घालून तिची नेहमीची किंमत द्यायची आणि सक्ती हवी तर टिचकी मारायची. सक्तीचे रकाने दोन, एक नफातोट्याच्या खात्यांसाठी, एक ताळेबंदाच्या. वाहतूक कंपनीला वाहन सक्तीचं करा, कापडवाल्यांना मोकळं सोडा.

आणखी एक गाठ. कॉस्ट सेंटर कंपनीचंच असतं, नावाच्या शेवटी कंपनीची आद्याक्षरं येतात. विभागालाही कंपनी जोडता येते. शाखेची यादी मात्र सामाईक. म्हणजे गांधीबागेतल्या मुलाला बुटीबोरीही दिसणार आणि घाईत तो तीच निवडणार. त्यासाठी डायमेन्शन फिल्टर आहे : कंपनी, खाती आणि कुठल्या किमती चालतील किंवा चालणार नाहीत, एवढं भरायचं. हे काम पहिल्या बिलाआधी करा. डायमेन्शन मागाहून जोडलं तर जुन्या नोंदींत तो रकाना कोराच राहतो, तो आपोआप भरत नाही.

बर्डीकर : ताई, मधेच विचारतो. आमचं एकच दुकान, पण रायपूर आणि छिंदवाड्यालाही गोदाम. जीएसटी क्रमांक तीन : २७, २२ अन् २३ नं सुरू होणारे. काहून त्याच्या तीन कंपन्या करा म्हणून राहिले सॉफ्टवेअरवाले?

धंतोलीची सीए : करू नका. राज्य बदललं की नोंदणी बदलते, पॅन एकच राहतो. पॅन एक, ताळेबंद एक, तर कंपनी एक. गोदामं शाखा म्हणून लावा आणि जीएसटी क्रमांक पत्त्यावर ठेवा. हिशेबनीस भाऊंच्या चार कंपन्यांचे पॅन चार आहेत, तिथं उलट : कळमन्याच्या कंपनीला डायमेन्शन करून कापडाच्या वहीत बसवता येणार नाही.

शाळामास्तर : मग 'पैलू'? एका नोंदीचे अनेक पैलू.

इतवारीवाले : छान आहे, पण अग्रलेखातलं वाटते. "पैलू भरला का बे?" असं विचारून पाहा एकदा पेढीवर.

हिशेबनीस : मी 'नावे' टाकणार होतो. 'खर्च कोणत्या शाखेच्या नावे?'

इतवारीवाले : अन् तो शाखेला डेबिट करून मोकळा! नावे-जमा हे शब्द आधीच कामाला लागलेत, त्यांना हात लावू नका. आपल्याकडे विचारतात काय, तर "हा खर्च कुणावर धरू?" भाडं गोदामावर धरलं, हमाली कळमन्यावर धरली.

धंतोलीची सीए : काका, हे उत्तम. 'धरणे' घ्या. पडद्यावर बटण 'अकाउंटिंग डायमेन्शन'च राहणार, तेव्हा नाम तेच ठेवा. टाचणात वेगळा शब्द आणि पडद्यावर वेगळा, मग शोधत बसायचं कुणी? क्रियापद मराठी राहू द्या. परीक्षेच्या पुस्तकात कॉस्ट सेंटरला 'परिव्यय केंद्र' असतं, ते तिथंच बरं.

हिशेबनीस : मग टाचणात असं लिहितो, पाहा : 'खातं म्हणजे खर्च कशाचा. डायमेन्शन म्हणजे तो कुणावर धरायचा. कंपनी म्हणजे वही कुणाची. वाहतूक कंपनीत वाहन भरल्याशिवाय बिल सबमिट होणार नाही.'

शाळामास्तर : 'सबमिट'ला 'पक्कं' म्हणा. आणि 'भरल्याशिवाय'च्या आधी 'क्रमांक' घाला, नाहीतर वाहन मालानं भरायला निघतील.

इतवारीवाले : कच्चं-पक्कं बिल म्हणू नका बाप्पा, बाजारात त्याचा अर्थ वेगळा आहे. 'सबमिट'च ठेवा.